ताईच्या बोटाचं शून्य

ताईच्या नखातही रोग नाही, असं सगळे म्हणायचे. सर्दीच्या साथीत अख्खी लॅब नाक पुसत बसायची, आणि ताई आपली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कामात. धाकटीला लहानपणापासून याचा थोडा रागही यायचा आणि आधारही वाटायचा. घरात कुणी पडलं की उशाशी ताई. ताईच पडली तर काय करायचं, हा विषय कुणी कधी काढला नव्हता.

दोघी बहिणी एकाच ठिकाणी कामाला होत्या. गोदामांच्या रांगेतली ती बसकी इमारत बाहेरून बिस्किटांचा कारखाना वाटायची. आत मात्र डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात गुंडाळलेली माणसं नखाएवढ्या चिपा बनवायची, आणि त्या चिपांमधून विजेऐवजी प्रकाश धावायचा. धाकटी आधी इंटरनेटच्या केबलांना लागणाऱ्या चिपांच्या कंपनीत होती. पगार बरा होता, जेवणाची सुट्टी मोठी होती. ते सोडून ती इथे आली ती आईमुळे.

आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. पोट जड वाटतं, जड वाटतं म्हणायची, आणि घरातले सगळे, त्यात या दोघीही आल्या, म्हणायचे की वयाप्रमाणे होतं गं. कळलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. इथली चिप नेमका तोच आजार रक्ताच्या एका थेंबावरून ओळखणार होती, पोट जड वाटायच्या कितीतरी आधी. धाकटीला दुसरं काही नको होतं. आणखी एका घरातली आई अशी जाऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. ताईलाही तिनेच इकडे ओढून आणलं, कारण ताईसारखा स्थिर हात तिने दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता.

काम असं. चिपवर काचेसारख्या पदार्थाची एक वाट कोरलेली असते, केसाहून कितीतरी बारीक. तिच्या एका टोकाला फायबर, म्हणजे काचेचा बारीक तंतू, चिकटवून प्रकाश आत सोडायचा. वाटेच्या शेजारी, तिला न टेकता, एक गोल कडी असते. प्रकाशाचा एकच नेमका रंग त्या कडीला मानवतो. तो वाट सोडून कडीत शिरतो आणि तिथेच गोल गोल फिरत बसतो, त्यामुळे पलीकडे निघालेल्या प्रकाशाच्या आलेखात त्या रंगाच्या जागी एक खड्डा दिसतो. कडीवर लेप असतो, आणि हा लेप रक्तातलं आजाराचं प्रथिन तेवढं धरून ठेवतो. प्रथिन चिकटलं की कडीचा आवडता रंग बदलतो आणि खड्डा सरकतो. जितका सरकला तितका आजार जास्त.

चिपचा आराखडा काढणाऱ्याला सगळे नकाशेवाला म्हणत. तो दिवसभर पडद्यावर कड्या आणि वाटा आखायचा आणि सुई दिसली की पांढराफटक पडायचा. कोरीवकाम करणाऱ्याचं नाव पडलं होतं आम्लराव. खरं तर तो आम्ल वापरतच नव्हता, वायूने कोरायचा, पण पडलेलं नाव कोण पुसणार? ताई फायबर चिकटवायची. फायबरचं टोक वाटेच्या तोंडाशी आणायचं, प्रकाश सर्वांत जास्त जातो ती जागा सापडली की गोंदाचा थेंब सोडून तो जांभळ्या दिव्याखाली पक्का करायचा. तिथे हात जरा चळला की चिप गेली. शिकाऊ मुलींना ती एकच सांगायची, आधी मनगट टेकवा, मग श्वास सोडा, आणि सोडता सोडता हात हलवा. धाकटीकडे शेवटचं काम होतं, मोजणीचं.

मोजणीत एक अडचण असते. ते प्रथिन निरोगी बाईच्या रक्तातही थोडंफार असतंच. म्हणून प्रत्येक बॅचच्या चिपवर आधी निरोगी रक्त घालून पाहायचं, आणि खड्डा जितका सरकेल तितक्याला शून्य म्हणायचं. ते निरोगी रक्त बाहेरून यायचं, अनेक माणसांचं एकत्र केलेलं. एकदा फ्रीज बंद पडला आणि ते सगळं नासलं. नवं यायला फार वेळ होता, आणि चिपा बसवलेली यंत्रं तर दवाखान्यांना चाचणीसाठी द्यायची होती. लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या की इथे एवढी धडधाकट माणसं आहेत, कुणीतरी एक थेंब द्या.

नकाशेवाल्याने खुर्ची धरली. मोजणाऱ्याने स्वतःचं रक्त द्यायचं नाही हा लॅबचा जुना नियम होता, म्हणून धाकटी बाद. ताई झग्याची बाही वर करत आली आणि बोट पुढे केलं.

"घे," ती म्हणाली, "माझ्याइतकी निरोगी तुला कोण मिळणार?"

सगळे हसले. धाकटीच्या मनात तर एवढीही शंका आली नाही. तिने थेंब घेतला, खड्डा सरकला, तिने शून्य लावलं. आराखड्याच्या हिशेबापेक्षा खड्डा जरा जास्तच सरकला होता. पण कागदावरची चिप आणि कोरलेली चिप कधी तंतोतंत जुळत नाहीत, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पुढे बाहेरचं रक्त मागवणंच बंद झालं. घरचं असताना बाहेरचं कशाला, असं मॅडम म्हणाल्या, आणि धाकटीलाही ते पटलं. दर वेळी एकाच माणसाचं रक्त असेल तर फरक दिसेल तो चिपचाच असणार, असा तिचा तर्क होता. तर्क वरवर चोख होता. त्यात ताई ही बदलणारी गोष्ट आहे, एवढंच तिने धरलं नव्हतं.

मग बॅचमागून बॅच खड्डा पुढे पुढे सरकू लागला. रक्त तेच, बोट तेच, आणि शून्य दर वेळी थोडं वर. मिठाच्या पाण्यावर चिप शहाण्यासारखी वागायची, रक्त पडलं की बिघडायची. बैठका सुरू झाल्या. लेप लावणारे म्हणाले आमचा लेप चांगला आहे. नकाशेवाल्याने कडी थोडी रुंद करून पाहिली, खड्डा तरी सरकलाच. शेवटी सगळ्यांची बोटं आम्लरावाकडे वळली. याच्या कोरीवकामात कडीची बाजू खडबडीत राहते आणि त्या खडबडीत जागी रक्तातला नको तो गाळ अडकतो, असं ठरलं. त्याने मोठ्या सूक्ष्मदर्शकातली चित्रं आणून दाखवली, बाजू गुळगुळीत होती. पण एकदा कुणाच्या डोक्यावर खापर फोडायचं ठरलं की चित्रं कोण बघतो? धाकटीने बैठकीत त्याच्या विरुद्ध आकडे मांडले, आणि तिचे आकडे स्वच्छ होते. आम्लराव गेला. जाताना फक्त आपला चहाचा कप घेऊन गेला.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की इथे चोर कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो रोज सगळ्यांसोबत डबा खात होता.

एवढ्यात ताईने झग्याचा पट्टा एक भोक सैल केला होता. बसून बसून पोट सुटलंय, असं तीच हसत सांगायची. जेवण अर्ध्यावर ठेवून उठायची. पुढच्या बॅचला थेंब देताना ती म्हणाली की हल्ली पोट जड जड वाटतं. धाकटीचं लक्ष आलेखावर होतं, कारण खड्डा पुन्हा पळाला होता आणि आता तर आम्लरावही नव्हता दोष द्यायला.

"दिवसभर खुर्चीत असतेस, ताई," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "चालत जा जरा."

आईला जे सांगितलं होतं तेच तिने ताईला सांगितलं. तेव्हा तिला ते जाणवलंही नाही.

ताई कोसळली ती कामावरच. फायबर चिकटवता चिकटवता टेबलावर ओणवी झाली, आणि शिकाऊ मुलींना आधी वाटलं ती काहीतरी बारीक बघते आहे. दवाखान्यात पोटातून पाणी काढलं, तपासण्या झाल्या. डॉक्टर ताईच्या नवऱ्याला, भावजींना, बाजूला घेऊन बोलले, भावजी तिथल्या बाकावर बसले ते उठेचनात. धाकटीने आजाराचं नाव विचारलं नाही. भावजींनी ते सांगितलं तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला फक्त आईच आठवली. एकाच घरात दोनदा, एवढंच तिला वाटलं. चिपचा आणि याचा काही संबंध असेल हे तिच्या डोक्यात आलं नाही. काखेत कळसा असताना माणूस गावाला वळसा घालतो तो असा.

लॅबमध्ये एक बॅच अडकून पडली होती. मॅडमनी निरोप धाडला, घरची अडचण समजते, पण एवढं शून्य लावून जा, रक्त कुणाचंही घे. धाकटी गेली तेव्हा मोजणीच्या खोलीत कुणी नव्हतं. कुणाला हाक मारून, सुई दाखवून, समजावत बसण्याचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने नियम बाजूला ठेवला आणि स्वतःचंच बोट टोचलं.

यंत्रात मागच्या बॅचचं शून्य होतं. आकडा आला तो शून्याच्या खाली.

तिने चिप बदलली, पुन्हा शून्याच्या खाली. जुन्या बॅचची चिप काढून त्या बॅचचं शून्य लावलं, तिच्यावरही खाली, फक्त जरा कमी खाली. त्याहून जुनी काढली, आणखी कमी. ती बघत राहिली. रक्तात प्रथिन कमी असू शकतं, फार तर मुळीच नसेल. काहीच नसण्यापेक्षा कमी कसं असेल? मग तिने यंत्राकडे पाहणं सोडलं आणि शून्य कुणाचं आहे ते पाहिलं. शून्य ताईचं होतं. प्रत्येक बॅचला थोडं वर चढणारं, ज्याला त्यांनी कोरीवकामाचा दोष म्हटलं, लेपाचा दोष म्हटलं, ज्याच्यासाठी कडीचा आकार बदलला आणि एका माणसाला घरी बसवलं, तो ताईचा आजार होता. चिप पहिल्या थेंबापासून खरं बोलत होती. धाकटीनेच दर वेळी तो आकडा उचलून वजा करून टाकला होता.

ती खुर्चीत बसली नाही. बसली असती तर उठता आलं नसतं.

आणि ती शून्यं यंत्रांत बसून दवाखान्यांत गेली होती. दवाखान्यातल्या यंत्राच्या पडद्यावर उणे आकडा दिसतच नसे. उणे आकड्याने लोक गोंधळतात म्हणून तो झाकायचा आणि "दोष नाही" एवढंच दाखवायचं असं बैठकीत ठरलं होतं. म्हणजे ताईइतका आजार पोटात असलेल्या बाईलाही यंत्र दोष नाही असंच सांगणार. यंत्र जितकं नवं, तितकं जास्त आंधळं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या दुष्ट बाई नव्हत्या. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, ताईची चौकशी केली, आणि मग म्हणाल्या की पुढच्या दुरुस्तीत शून्य गुपचूप बदलून टाकू, उगाच बोंब नको. आत्तापर्यंत तपासलेल्या बायकांचं काय, असं धाकटीने विचारलं तेव्हा त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

"तुझंच रक्त वेगळं असेल," त्या शेवटी म्हणाल्या. "एका माणसावरून काय ठरतं?"

"एका माणसावरूनच तर ठरवलं होतं आपण," धाकटी म्हणाली.

नकाशेवाला दारात उभा राहून ऐकत होता. तो मोजणीच्या खोलीत गेला, भिंतीकडे तोंड करून बसला आणि हात मागे केला. त्याच्यामागून शिकाऊ मुली आल्या, लेपवाले आले. सगळ्यांचे आकडे उणे. त्या सगळ्यांच्या रक्तावरून धाकटीने नवं शून्य काढलं. मॅडम तरी म्हणाल्या की निरोगी रक्ताचं कळलं, पण आजारी रक्त तुमच्या नव्या शून्यावर वर दिसतं याला पुरावा काय? नुसत्या तुमच्या सांगण्यावरून मी दवाखान्यांना काय कळवू? ताईचे आधीचे थेंब तर मोजून झाल्यावर नियमाप्रमाणे टाकून दिलेले होते. आजारी रक्त हवं होतं. ते कुणाकडे आहे हे धाकटीला कुणी सांगावं लागलं नाही.

दवाखान्यात जाण्याआधी तिने आम्लरावाला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं होतं शिव्या देईल, आणि त्याने दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, ताई जेवते का काही? धाकटी नाही म्हणाली, आणि त्याने फोन ठेवला.

दवाखान्यातली खोली स्वच्छ आणि उकडणारी होती. ताईचे गाल बसले होते, पोट तेवढं चादरीखाली उंच दिसत होतं. भावजी औषधं आणायला गेल्यावर धाकटीने तिला सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून आली होती, ते पहिल्याच वाक्याला मोडलं. पहिल्या थेंबापासून सगळं चिपला दिसत होतं, मीच खोटं पाडलं, मला माफ कर, असं ती काहीबाही बोलत राहिली. ताई छताकडे बघत ऐकत होती.

"पहिल्या वेळी कळलं असतं तर वाचले असते?" तिने विचारलं.

धाकटीला खोटं बोलता आलं नाही. ती म्हणाली, "बहुतेक."

ताईने डोळे मिटले. बाहेरच्या वाटेवरून कुणीतरी भांड्यांची गाडी ढकलत गेलं, तिचा आवाज लांब जाऊन थांबेपर्यंत ती तशीच पडून होती. तिच्या मनात राग आला असेल, यायलाच हवा होता. तो तिने दाखवला नाही, आणि धाकटीला ते शिव्यांहून जास्त लागलं. मग तिने डोळे न उघडता विचारलं, "बाहेर गेलेली यंत्रं?"

धाकटीने मॅडमचं म्हणणं सांगितलं, पुरावा लागेल म्हणून सांगितलं, आणि पिशवीतली सुई बाहेर न काढता तशीच बसून राहिली. कोणत्या तोंडाने मागणार?

ताईने आपण होऊन हात चादरीबाहेर काढला आणि बोट पुढे केलं, तसंच, पहिल्या दिवशी केलं होतं तसंच.

"घे. आता आजारी म्हणून मोज."

धाकटीने तिचं बोट धरलं. तिचे हात इतके थरथरत होते की सुई दोनदा बाजूला गेली. ताईने दुसरा हात उचलून तिचं मनगट धरलं आणि पलंगाच्या कडेवर टेकवलं.

"आधी मनगट टेकव," ती म्हणाली. "आता श्वास सोड."

थेंब आला. नव्या शून्यावर त्या थेंबाने खड्डा इतका पळाला की आलेखाची पट्टी अपुरी पडली. मॅडमनी तो आलेख पाहिला, खुर्ची मागे सरकवली आणि त्याच दिवशी सगळ्या दवाखान्यांना कळवलं की यंत्रं बंद करा, तपासलेल्या प्रत्येक बाईला परत बोलवा. आम्लरावालाही त्यांनी परत बोलावलं. तो आला नाही.

ताई गेली ती पहाटे, झोपेतच. आईसारखे हाल झाले नाहीत, असं नातेवाईक एकमेकांना सांगत राहिले.

ती कामावर परतली तेव्हा दवाखान्यांची तक्रार आलेली होती. बोलावूनही बायका येत नव्हत्या. यंत्राने एकदा काही नाही म्हटल्यावर पुन्हा कशाला खेटे घालायचे, असं त्यांचं म्हणणं. त्यांना समजावणारं कुणीतरी द्या, अशी मागणी होती. मॅडमनी धाकटीकडे पाहिलं आणि धाकटीने फोन जवळ ओढला.

पलीकडची बाई खुशीत होती. मागे कुकरची शिटी होत होती, कुणाला तरी ती दप्तर उचल म्हणून ओरडत होती. धाकटीने तिला पुन्हा तपासणीला यायची विनंती केली. पोटाची काही तक्रार आहे का तेही विचारलं. बाई हसली.

"अहो, जरा जड वाटतं इतकंच, वयाप्रमाणे होतं ते. तुमच्या यंत्रानेच सांगितलंय ना मला काही नाही म्हणून? माझ्या नखातही रोग नाही, विचारा कुणालाही."

धाकटीने मनगट टेबलावर टेकवलं आणि श्वास सोडला.

"माझी बहीणही असंच म्हणायची," ती म्हणाली. "तुम्ही आजच या. मी दवाखान्याच्या दारात उभी राहते."